वारा आणि छप्पर

मुलांनो, वैशाखातील एखादी दुपार डोळ्यांपुढे आणा. उन्हाने आसमंत तापलेला असतो, झाडाचे पानही हलत नसते, आणि अंगणात किंवा गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे असे वाळवण पसरलेले असते. इतक्यात क्षितिजावर काळ्या ढगांची एक भिंत उभी राहते. क्षणभर सारे स्तब्ध होते आणि मग अकस्मात थंड वाऱ्याचा लोट येतो. धुळीचे लोळ उठतात, दारे-खिडक्या धडाधड आपटू लागतात, दोरीवरचे कपडे शेजाऱ्याच्या कुंपणाला जाऊन अडकतात, आणि घरातील आजी ‘अरे, वाळवण उचला, वाळवण उचला’ असे ओरडत बाहेर येते. पाठोपाठ टपोऱ्या थेंबांचा पाऊस कोसळतो. या पावसाला आपण वळीव म्हणतो आणि मातीच्या सुगंधाने हरखून जातो. दुसऱ्या दिवशी गावातून फेरी मारली म्हणजे मात्र असे दिसते, की घरादारांचे झालेले नुकसान बहुधा पावसाने झालेले नसते. ते पावसाच्या आधी आलेल्या त्या दहा मिनिटांच्या वाऱ्याने झालेले असते.

हा थंड वारा येतो तरी कोठून? तो ढगातून येतो. तापलेल्या जमिनीवरील हवा वर चढते, तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात, आणि ते डोंगरासारखे उंच वाढत जातात. ढगातून पावसाचे थेंब व गारा खाली येऊ लागल्या म्हणजे त्या आपल्याबरोबर हवाही खाली ओढतात. वाटेत काही थेंबांची वाफ होते आणि त्यामुळे ती हवा गार व जड होते. ही जड हवा जमिनीवर येऊन आदळते, आणि उंचावरून ओतलेले घागरभर पाणी फरशीवर जसे चहूकडे पसरते तशी ती चहूकडे धावत सुटते. म्हणून या वाऱ्याला ठरलेली दिशा नसते. आषाढातला वारा बहुतेक पश्चिमेकडून यावयाचा, त्याला अनुसरून आपले आजोबा घराची पश्चिमेची बाजू राखीत; परंतु वळवाचा वारा आज एका बाजूने येतो, तर उद्या दुसऱ्या बाजूने.

या वाऱ्याने मला एकदा जो धडा दिला, तो येथे सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी निफाड तालुक्यातील एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेच्या तीन खोल्या विटांच्या होत्या आणि त्यांवर पन्हळी पत्र्याचे छप्पर होते. वारा सुटला म्हणजे पत्रे खडखडत, मुले वर पाहू लागत आणि शिकवणे थांबे. तेव्हा मी एक उपाय योजला. नदीकाठचे मोठाले दगड आणवून प्रत्येक पत्र्यावर दोन-दोन असे ठेवविले. खडखड थांबली. आपण मोठे शहाणपणाचे काम केले, असे मला वाटले. भेटीस आलेल्या साहेबांना मी ते दगड कौतुकाने दाखविलेही होते.

एप्रिल महिना होता. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची भरत असे. मुले घरी गेली होती आणि मी कचेरीत निकालपत्रके लिहीत बसलो होतो. तिसऱ्या प्रहरी आभाळ अंधारून आले. धुळीने डोळे उघडवेनात. पश्चिमेकडच्या टोकाला पाचवीचा वर्ग होता. त्याचे दार लावायचे राहून गेले होते, ते आपटू लागल्याचा आवाज मला ऐकू आला. उठून लावावे, असे मनात आले आणि त्याच क्षणी एक विचित्र आवाज झाला. तो मोडण्याचा आवाज नव्हता. एखादे जाड कापड ओढून फाडावे तसा तो होता. मी व्हरांड्यात येऊन पाहतो, तो पाचवीच्या वर्गावरचे छप्पर त्याखालच्या दांड्यांसह उचलले गेले होते. ते भिंतीवरून पलटी खाऊन शेजारच्या कांद्याच्या शेतात जाऊन पडले.

पाऊस ओसरल्यावर मी वर्गात गेलो. छप्पर उडाले होते, परंतु दगड उडाले नव्हते. ते खाली आले होते. सात दगड मी मोजले. तीन बाकांच्या पाट्या मधोमध मोडल्या होत्या. पहिल्या रांगेतील बाकावर एक दगड तसाच बसून होता. सकाळी त्या जागी बसलेली मुलगी मला ठाऊक होती. शाळा सकाळची नसती तर काय झाले असते, या विचाराने मी कितीतरी वेळ तेथे उभा राहिलो. ते दगड ठेवावयास मीच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी गावातील एक वृद्ध सुतार मिस्त्री पाहणीस आले. त्यांनी भिंतीच्या माथ्यावर हात फिरविला. ज्या ठिकाणी दांड्या टेकत होत्या, तेथे फक्त खोबण्या होत्या आणि दांडीवर एकेक वीट मातीच्या गाऱ्यात बसविलेली होती. बोल्ट नाही, पट्टी नाही, काही नाही. मी त्यांना म्हणालो, “मिस्त्री, पत्र्यांवर एवढे वजन ठेवले होते, तरी हे असे कसे झाले?”

ते म्हणाले, “गुरुजी, पत्रा दाबायचा नसतो, धरून ठेवायचा असतो. आणि तुमच्या या पत्र्याला दांडीनं धरलं होतं, पण दांडीला कुणीच धरलं नव्हतं.”

माझे शिक्षण एम.ए.पर्यंतचे, पण हे वाक्य मला कोणत्याही पुस्तकात आढळले नव्हते. त्याचा अर्थ नीट कळावा, यासाठी मी मग शास्त्राची पुस्तके वाचली. त्यांतील थोडे तुम्हांलाही समजेल.

आपली समजूत अशी असते, की वारा घराला ढकलतो. भिंतीच्या बाबतीत ते खरे आहे. छपराच्या बाबतीत मात्र वारा बहुधा उलटे काम करतो. तो छप्पर वर ओढतो. कागदाची एक लांब पट्टी घ्या. तिचे एक टोक खालच्या ओठाला लावून धरा, दुसरे टोक खाली लोंबू द्या, आणि पट्टीच्या वरच्या अंगाने जोराने फुंकर मारा. पट्टी खाली दबण्याऐवजी वर उचलली जाईल. वाहती हवा एखाद्या पृष्ठभागाला वळसा घालून जोराने जाते, तेव्हा त्या पृष्ठभागावरील तिचा दाब कमी होतो. खालच्या स्थिर हवेचा दाब मात्र तसाच असतो आणि तो पट्टीला वर लोटतो. वारा भिंतीला आपटून छपरावरून उसळून जातो, तेव्हा हेच घडते. छपराच्या कडा, आढे आणि विशेषतः चारी कोपरे यांवर ही ओढ सर्वांत अधिक असते. म्हणून उडालेल्या छपरांची सुरुवात बहुतेक कोपऱ्यापासून झालेली आढळते.

ही ओढ किती असते? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. वेग तिप्पट झाला, तर जोर नऊपट होतो. हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग दर सेकंदाला किती मीटर आहे ते घ्यावे, त्याचा वर्ग करावा आणि त्या वर्गाला ०.६ ने गुणावे. म्हणजे एका चौरस मीटरवरील दाब न्यूटन या मापात मिळतो. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन. ताशी ७२ किलोमीटरचा वारा सेकंदाला २० मीटर जातो. वीसचा वर्ग ४००, त्याला ०.६ ने गुणले, की २४० न्यूटन. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो. दहा फूट लांब व तीन फूट रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ जवळजवळ २.८ चौरस मीटर भरते. तेव्हा या एका पत्र्याला वर उचलणारा जोर ६७ किलोंच्या आसपास झाला. पत्र्याचे स्वतःचे वजन दहा-बारा किलो. माझे दोन दगड मिळून तीस किलो. आता वजाबाकी तुम्हीच करा, आणि कोपऱ्यावरची ओढ याहूनही अधिक असते, हे ध्यानात ठेवा.

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे काही फार मोठे वादळ नव्हे. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदलातील अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याचा जोर डोळ्यांनी ओळखण्याची एक श्रेणी तयार केली. पुढे तिच्यात जमिनीवरील खुणाही घालण्यात आल्या. धूर सरळ वर जात असेल, तर शून्य. पाने सळसळू लागली, की दोन. सबंध झाडे हेलकावे खाऊ लागली आणि वाऱ्याच्या विरुद्ध चालणे जड जाऊ लागले म्हणजे सात. तेव्हा वेग ताशी ५० ते ६१ किलोमीटर असतो. आठव्या पायरीवर झाडांच्या डहाळ्या मोडतात, आणि नवव्या पायरीवर, म्हणजे ताशी ७५ ते ८८ किलोमीटरला, छपरावरील कौले सुटू लागतात. वळवाच्या वाऱ्यात आठव्या-नवव्या पायरीचे झोत आपल्याकडेही येतात.

नाशिकच्या लोकांना वाटते, की वादळे ही समुद्रकाठच्या लोकांची काळजी. आपण सह्याद्रीच्या आड सुरक्षित आहोत. घरे बांधताना वाऱ्याचा किती वेग गृहीत धरावा, याविषयी भारतीय मानक ब्यूरोचे ८७५ क्रमांकाचे एक मानक आहे. त्याच्या तिसऱ्या भागात गावांची यादी दिली आहे. चेन्नईसाठी सेकंदाला ५० मीटर, मुंबईसाठी ४४ मीटर, आणि नाशिकसाठी ३९ मीटर. एकोणचाळीस मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर! हा वारा दरवर्षी येतो असे नव्हे. परंतु घराच्या आयुष्यात असा एखादा झोत येऊ शकतो, असे समजूनच ते बांधावे, हा त्या आकड्याचा अर्थ आहे. वरच्याच रीतीने हिशेब केला, तर आपल्या त्या एका पत्र्यावर अडीचशे किलोंहून अधिक जोर येतो.

सह्याद्रीच्या आडोशाचा भरवसा किती धरावा, हे २०२० साली कळले. त्या वर्षी ३ जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर दिवेआगर-श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, हजारो घरांचे पत्रे व कौले उडाली. जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरू लागतो, कारण समुद्राची ऊब व बाष्प त्याला मिळेनासे होते. तरीही ते घाट ओलांडून पुणे जिल्ह्यातून ईशान्येकडे सरकले आणि त्याच रात्री वारा-पाऊस घेऊन नाशिक जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचले. वाटेत ते दुबळे झाले होते, हे आपले भाग्य.

आता उघड्या दाराविषयी. माझ्या वर्गाचे दार उघडे होते, हे तुम्हांला आठवत असेल. काही लोक सांगतात, की वादळात दारे-खिडक्या उघडी ठेवावीत, म्हणजे वारा आरपार निघून जातो. हा समज घातक आहे. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे असले, की वारा खोलीत शिरतो. त्याला बाहेर पडण्यास पुरेशी वाट नसते. मग तो फुग्यात हवा भरावी तसा खोली भरतो आणि छप्पर आतून वर लोटतो. वरून ओढ आणि आतून रेटा, असे दोन्ही एकत्र आले म्हणजे छपराचे काही चालत नाही. म्हणून वाऱ्याची चाहूल लागताच दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि कड्या-अडसर घालावेत. दाराची कडी मोडकी असेल, तर ती वैशाखात नव्हे, फाल्गुनातच दुरुस्त करून घ्यावी.

आपल्या जुन्या घरांत या गोष्टींचा विचार नव्हता काय? होता, परंतु तो निराळ्या प्रकारचा होता. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या डोंगराळ भागांतील कुडाची घरे पाहा. त्यांच्या भिंती कारवीच्या आणि छप्पर गवताचे. घर बुटके, आणि पाखी इतकी खाली उतरलेली, की आत शिरताना मोठ्या माणसाला वाकावे लागते. वाऱ्याला अशा घराची फारशी उभी भिंतच सापडत नाही. गावठाणातील कौलारू घरांचे पाहा. कौल नुसते रिपांवर टेकलेले असते. जोराच्या वाऱ्यात चार-दहा कौले सरकतात व त्या फटींतून आतला दाब निघून जातो. घर राहते, कौले बदलावी लागतात. म्हणून तर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची चाल होती. शाकारणी म्हणजे केवळ गळती बंद करणे नव्हे. त्या निमित्ताने वर्षातून एकदा कोणीतरी छपरावर चढून कुजलेला वासा, ढिली झालेली रीप आणि निसटलेला बंध पाहत असे. पत्रे आले आणि ही चाल गेली. पत्रा स्वस्त, हलका आणि टिकाऊ. गरिबांवर त्याने मोठे उपकार केले आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु कौल उडते ते एकटे उडते. पत्रा उडतो तो शेजारच्या पत्र्याला घेऊन उडतो, आणि हवेतून जाणारा पत्रा हे एक पातेच असते.

तेव्हा पत्रा धरून ठेवावयाचा तो कसा? मिस्त्रींनी आमच्या शाळेसाठी जे केले तेच सांगतो. पत्रा नुसत्या खिळ्यांनी ठोकला, तर वाऱ्याच्या हिसक्यांनी खिळे हळूहळू उपटून येतात. त्याऐवजी त्यांनी वाकडे आकडे वापरले. कारागीर त्यांना ‘जे हुक’ म्हणतात. आकडा खालच्या दांडीला कवटाळतो, त्याचे टोक पत्र्यातून वर येते, आणि तेथे रुंद वायसर घालून नट आवळतात. भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडतात. खोलगट भागात पाडले, तर तेथून पाणी गळते. छपराच्या मध्यभागी त्यांनी एक पन्हळ सोडून आकडे घातले. कडांना व कोपऱ्यांना मात्र प्रत्येक पन्हळीवर घातले. मी विचारले, “येथे एवढे दाट कशाला?” ते म्हणाले, “वारा इथूनच बोट घालतो, गुरुजी.”

त्यानंतर ते दांड्यांकडे वळले. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सळया घालून काँक्रीटचा पट्टा ओतला, आणि तो ओला असतानाच त्यात बोल्ट उभे केले. काँक्रीट पुरते वाळल्यावर प्रत्येक दांडी लोखंडी पट्टीने त्या बोल्टांना जखडली. हे काम खर्चाचे होते आणि शाळेजवळ पैसे बेताचेच होते. शाळा समितीतील काहींचे म्हणणे असे, की दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करावा. पट्टा कोणाला दिसणार? मिस्त्री हटून बसले. पत्र्याने दांडी धरली, दांडीने पट्टा धरला, पट्ट्याने भिंत धरली आणि भिंतीने पाया धरला, असे झाले म्हणजेच छप्पर राहते. या साखळीतील जी कडी सर्वांत कच्ची, तेवढेच बळ साऱ्या साखळीचे.

व्हरांड्याचे छप्पर त्यांनी मुद्दाम वेगळे व खालच्या पातळीवर बसविले. पूर्वी ते मुख्य छपराचाच पुढे आलेला भाग होता. पुढे आलेल्या पाख्याच्या खाली वारा शिरतो व ते तरफेसारखे वर उचलतो. व्हरांडा वेगळा असला, तर प्रसंगी तेवढाच जाईल आणि वर्ग सुरक्षित राहील. जुन्या घरांची पडवी बहुधा अशीच वेगळी व बुटकी असे. नवे घर बांधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन पाख्यांच्या घरापेक्षा चौपाखी घर वाऱ्याला अधिक चांगले तोंड देते, आणि अगदी सपाट उतारापेक्षा थोडा उभा उतार बरा.

शेतकऱ्यांपुढचा प्रश्न याहून अवघड आहे. लासलगाव, पिंपळगाव, येवला या भागांतून जाताना शेतोशेती कांद्याच्या चाळी दिसतात. चाळीला दोन्ही अंगांनी फटी ठेवलेल्या असतात आणि तिचा तळही जमिनीपासून उंच असतो. कारण कांदा टिकतो तो वाऱ्यानेच. हवा खेळली नाही, तर तो सडतो. म्हणजे घराप्रमाणे येथे दारे-खिडक्या लावून घेण्याची सोयच नाही. चाळीचे छप्पर एकदा उडाले आणि कांदा भिजला, की चार महिन्यांची राखण एका संध्याकाळी वाया जाते. अशा चाळीचे सारे भवितव्य आकड्यांवर आणि जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबांवर असते. एरवी काटकसरी असलेल्या शेतकऱ्याने येथे मात्र हात आखडता घेऊ नये, असे मला वाटते.

द्राक्षबागांच्या कडेने शेवरीची किंवा दुसऱ्या उंच झाडांची दाट रांग लावलेली तुम्ही पाहिली असेल. ती वाऱ्याच्या आडोशासाठी असते. येथे एक गंमत आहे. वाऱ्यापुढे भक्कम भिंत बांधली, तर वारा तिच्यावरून उडी घेतो आणि पलीकडे लगेच भोवरे घालीत खाली येतो. झाडांची रांग मात्र थोडा वारा आरपार जाऊ देते व थोडा अडविते. त्यामुळे तिच्यामागे झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा मंदावलेला राहतो. वीस फूट उंच रांगेने दोनशे फूट बाग राखली जाते. घरासाठीही अशी रांग उपयोगी पडते. मात्र झाड पडले तरी घरावर येणार नाही, इतके अंतर राखूनच ती लावावी. घरावर आलेल्या वाळक्या फांद्या उन्हाळ्यातच उतरवाव्यात. शहरात त्यासाठी नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची परवानगी घ्यावी लागते.

बाजारपेठेत छपरांच्या जोडीला पाट्या असतात. दुकानदार आपली पाटी शेजाऱ्याच्या पाटीहून मोठी असावी म्हणून झटतो. परंतु पाटी म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने जहाजाचे शीड. ती जितकी मोठी, तितका वारा तिला अधिक लोटणार. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी वळवाचा वारा सुटला, आणि जाहिरातीचा एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला. आडोशाला थांबलेली माणसे व वाहने त्याखाली चिरडली. १७ जण मृत्युमुखी पडले. तो फलक सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच होता. ताशी ९० किलोमीटरचा वारा अशा फलकावर समोरून आला, तर त्यावर पन्नास टनांच्या आसपास जोर येतो. म्हणजे पाच मोठ्या भरलेल्या मालमोटारींचे वजन पायाला उपटू पाहते. त्याआधीच्याच वर्षी, १७ एप्रिल २०२३ रोजी, पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे येथे असाच फलक पडून पाच जण दगावले होते. तेथेही लोक वाऱ्या-पावसापासून बचाव करण्यासाठीच फलकाखाली उभे राहिले होते. तेव्हा वारा सुटला असता फलक, मोठे झाड, विजेचा खांब किंवा पत्र्याची शेड यांच्या आश्रयाला जाऊ नये. जवळच्या पक्क्या इमारतीत जावे.

भारतीय हवामान विभाग वादळाची सूचना आधीच देतो. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. नारिंगी इशारा मिळाला, की गच्चीवर फेरी मारावी. कुंड्या, खुर्च्या, रिकामे डबे, पत्र्याचे तुकडे, सुटी पाण्याची टाकी, यांतील प्रत्येक वस्तू वाऱ्यात दगडासारखी सुटते. त्या खाली आणाव्यात किंवा बांधून टाकाव्यात. दुकानाचे शटर पुरते खाली ओढून दोन्ही बाजूंची कुलपे लावावीत. वादळ चालू असताना पत्रा सावरण्यासाठी छपरावर मुळीच चढू नये. वडील माणसे चढू लागली, तर त्यांना तुम्ही अडवावे. आणि वादळ सरल्यावर रस्त्यावर तुटलेली तार दिसली, तर तिच्यातून वीज वाहत आहे, असेच समजून दूर राहावे व मोठ्यांना सांगावे.

आमच्या शाळेचे छप्पर पुन्हा उभे राहिले, तेव्हा मिस्त्रींनी मजुरी घेतली, पण एक अट घातली. दरवर्षी पाडव्यानंतरच्या आठवड्यात त्यांना शाळेत बोलवावयाचे. ते येत, शिडी लावीत, एकेक आकडा हाताने हलवून पाहत आणि ढिले नट पान्याने आवळीत. खाली सातवीची मुले वहीत खूण करीत उभी असत: किती पाहिले, किती ढिले निघाले, किती बदलले. मिस्त्री गेल्यावर त्यांचा मुलगा येऊ लागला. मी निवृत्त झालो त्या वर्षीच्या वहीत ढिल्या आकड्यांचा आकडा होता अकरा.

ते सात दगड आणि छपरावर उरलेले बाकीचे दगड मुलांनी अंगणातल्या कडुनिंबाखाली नेले, आणि बुंध्याभोवती त्यांचा पार रचला. उन्हाळ्यात पाचवीचा वर्ग तेथेच बसत असे.

अभ्यास

१. मुख्याध्यापकांनी पत्र्यांवर दगड का ठेवविले? त्यांची चूक कोणती झाली, ते मिस्त्रींच्या शब्दांच्या आधारे सांगा.

२. कागदाच्या पट्टीचा प्रयोग वर्गात करून पाहा आणि जे दिसले ते पाच ओळींत लिहा.

३. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३० मीटर असेल, तर दहा फूट लांब व तीन फूट रुंद पत्र्यावर सुमारे किती किलो जोर येईल? धड्यात दिलेल्या रीतीने काढा.

४. कांद्याची चाळ आणि राहते घर यांना वाऱ्यापासून राखण्यात कोणता फरक आहे?

५. ‘वारा इथूनच बोट घालतो’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : शाकारणी, पाखे, रीप, आडोसा, वळीव.

७. आपल्या घराच्या किंवा शेजारच्या घराच्या छपराची जमिनीवरूनच पाहणी करा. पत्रा दांडीला कशाने धरला आहे आणि दांडी भिंतीला कशाने धरली आहे, हे वडील माणसांना विचारून वहीत टिपून आणा.